वहीतल्या खोट्या खुणा

लिफ्ट बंद होती आणि मला उशीर झाला होता. जिना धावत चढताना खांद्यावरची पिशवी घसरली, ती सावरायला हात वर नेला आणि अशी कळ आली, की मी कठडा धरून पायरीवरच बसले.

मागून येणारा तरुण थांबला. "उजवा खांदा?"

"काही नाही... जरा लचकलाय."

"खांदा नुसता लचकला तर हात केसांपर्यंत पोचतो हो. तुमची वेणी डाव्या हाताने घातलेली दिसतेय."

मी वेणी चाचपली. वाकडीच होती. इतकं निरखून बघायचं असतं का परक्या बाईकडे?

"आमचं कामच ते," तो हसून म्हणाला.

दुसऱ्या मजल्यावरच्या व्यायामोपचाराच्या दवाखान्यात तो नवा डॉक्टर होता. मी तिसऱ्या मजल्यावर, फाटकी पुस्तकं शिवून पुन्हा बांधून देणारी. त्याच संध्याकाळी मी त्याच्यासमोर बसले.

"झोपता कशा?"

"उजव्या कुशीवर. मोबाईल बघत."

"किती वाजेपर्यंत?"

"अकरा," मी म्हणाले. खरं तर दोन वाजायचे.

त्याने मला एक छोटी वही दिली. सकाळी उठल्याबरोबर भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं चालवत हात वर न्यायचा, पंधरा मिनिटं. झालं की त्या तारखेपुढे खूण करायची.

पहिल्या आठवड्यात मी दोनच दिवस उठले. वही दाखवायला जाताना जिन्यात थांबून उरलेल्या पाच खुणा करून टाकल्या. वाटलं, पुढच्या आठवड्यापासून मनापासून करू. त्याने पान पाहिलं आणि... काय सांगू, त्याचा चेहरा असा उजळला, जणू खांदा त्याचाच बरा झालाय.

"सातही दिवस? कमाल आहे तुमची."

"तुम्ही सांगितलंत म्हणून," मी म्हणाले.

तो कानापर्यंत लाल झाला, आणि मी त्या लालीवर भाळले. मग दर आठवड्याला तेच. पेनसुद्धा बदलायचे, खुणा एकाच वेळी केल्यासारख्या दिसू नयेत म्हणून. एकदा घरी ताईने पाहिलं. "अगं, खांदा तुझा, फसवतेस कुणाला?" मी तिच्यावरच चिडले.

हात मात्र तसूभर वर जाईना. तो पुस्तकं चाळायचा, व्यायाम बदलायचा, "माझंच काहीतरी चुकतंय" म्हणायचा. मी मान खाली घालून ऐकायचे.

दहाव्या आठवड्यात मी पडद्याबाहेर बसले होते. आत त्याच्या वरिष्ठ मॅडम बोलत होत्या. "पेशंट रोज व्यायाम करते आणि अडीच महिन्यांत फरक नाही? मग निदान चुकलं तुझं. खांद्यात इंजेक्शन घ्यायला पाठव तिला. आणि यापुढे नवे पेशंट माझ्याकडे येतील, तू नुसता शेजारी उभा राहून बघ."

"हो, मॅडम," तो म्हणाला. एवढंच.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पळून जावंसं वाटत होतं. जिना समोरच होता. पण मी पडदा सारला.

"त्यांचं काही चुकलं नाही. मी व्यायाम करतच नाही. त्या खुणा खोट्या आहेत... जवळजवळ सगळ्या."

मॅडमनी चष्मा काढला. तो माझ्याकडे बघत राहिला, मग वहीकडे, आणि वही मिटून माझ्या हातात ठेवून बाहेर गेला. ओरडला असता तर सोसलं असतं.

"आता तुम्हाला मी तपासेन," मॅडम म्हणाल्या. "नवे पेशंट त्याच्याकडेच जातील."

त्या रात्रीपासून मोबाईल ताईच्या खोलीत राहू लागला. सकाळी मंद आचेवर चहाचं पाणी ठेवायचं आणि ते उकळेपर्यंत भिंतीपाशी उभं राहायचं. मोबाईलविना हात रिकामा वाटायचा, डोळे मिटायचे. चौथ्या दिवशी उठलेच नाही. ती तारीख मी कोरी ठेवली. पुढेही बऱ्याच कोऱ्या राहिल्या, पण हळूहळू कमी होत गेल्या. सातव्या आठवड्यात ताईने मला आरशासमोर दोन्ही हातांनी वेणी घालताना पाहिलं आणि पाठ थोपटली.

त्याला मात्र मी टाळत होते. दुसरा मजला आला की खाली बघत भरभर चढायचे.

एका दुपारी तोच वर आला. शिवण सुटलेलं एक जाडजूड पुस्तक त्याने टेबलावर ठेवलं.

"मला माफ करा," मी म्हणाले. "मी खोटं लिहायचे, कारण... पान बघून तुम्ही खूश व्हायचात. मला तेवढंच हवं असायचं."

तो पुस्तकाच्या कोपऱ्याशी चाळा करू लागला. "खूश मी पानामुळे होत नव्हतो," तो हळूच म्हणाला. "पण पेशंटला तसं सांगता येत नाही. आणि खोटं नेमकं तुम्हीच लिहिलंत, म्हणून राग दुप्पट आला."

"अजून आहे?"

"थोडा."

"मग आलात कसे?"

"आता तुम्ही माझ्या पेशंट नाही." त्याने पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "किती दिवस लागतील?"

"चार," मी म्हणाले आणि थांबले. "नाही... दहा. मी अजून कधीकधी उशिरा येते."

"मग दहा दिवस रोज विचारायला येईन."

"रोज कशाला?"

"सवय लावून घ्यावी म्हणतो," तो म्हणाला आणि समोरचं स्टूल ओढून बसला.