फळ्यावरचे बारा वीस

"समुद्र कधी उडी मारत नाही," असं म्हणत वहीबाईने धक्क्याच्या तोंडाशीच सायकलचा ब्रेक करकचून दाबला.

मागून येणारा तिचा मावसभाऊ तिच्यावर आदळता आदळता वाचला. त्याला घरात सगळे वादळ म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. त्याची धाकटी बहीण, म्हणजे सगळ्यांची शेपूट, त्याच्या कॅरियरवर बसली होती. तिचं नाक भावाच्या पाठीवर आपटलं आणि तिने मोठ्ठं भोकाड पसरायची तयारी केली. पण कोणाचंच लक्ष नाही म्हटल्यावर ती गप्प बसली.

सुट्टी लागल्यापासून वहीबाई मावशीकडे राहत होती. मावशीचं सायकल दुरुस्तीचं दुकान खाली आणि घर वर. शहर मोठं निवांत होतं. दुकानदार आरामात शटर उघडत आणि गाढ झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून बस पुढे जाई. समोर समुद्रात पक्ष्यांचं बेट होतं. ओहोटीला मधली वाळूची पट्टी उघडी पडली की वीस मिनिटांत चालत तिथे जाता येई. मात्र भरती चढायच्या आत परतावं लागे. धक्क्यावरचे रखवालदारकाका रोज सकाळी ओहोटीची आणि परतायची वेळ फळ्यावर खडूने लिहून ठेवत.

वहीबाई ती वेळ रोज उतरवून घेई. तिकिटं, खेकडे, बोटींचे रंग, काहीही दिसलं की तिच्या वहीत जाई. नाव पडलं ते त्यावरूनच. काल आजोबांनी तिची चेष्टा केली होती. "समुद्र काय तुझ्या वहीला विचारून येतो का गं?" एवढंच म्हणाले, पण तिला ते झोंबलं. म्हणून आज ते बेटावर चल म्हणाले तेव्हा ती फुगून बसली. गुडघेदुखीने बेजार झालेले आजोबा काठी टेकत एकटेच गेले, आणि जाताना टोपी विसरले. ती टोपी पोचवायलाच मावशीने या तिघांना पिटाळलं होतं.

"हे बघ," वहीबाईने वही उघडली. "परवा परतायची वेळ नऊ पन्नास. काल दहा चाळीस. रोज पन्नास मिनिटं उशिरा. मग आज साडेअकरा हवेत. फळ्यावर बारा वीस कसे?"

वादळाच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. आजोबा फळ्यावर विश्वास ठेवून बारा वीसपर्यंत दुर्बिणीतून पक्षी मोजत बसणार, आणि तोवर वाळूची पट्टी पाण्याखाली गेलेली असणार.

रखवालदारकाका खोलीत शब्दकोडं सोडवत बसले होते. त्यांनी दोघांचं म्हणणं ऐकून घेतलं, पण पेन्सिल काही खाली ठेवली नाही. पंधरा वर्षं आपण फळा लिहितोय आणि अजून एकाचाही पाय भिजलेला नाही, असं सांगून त्यांनी मुलांना वाटेला लावलं. वहीबाईला रडू यायला लागलं. सकाळी आपण फुगलो नसतो, तर आत्ता आजोबांच्या सोबत असतो, हे तिला राहून राहून टोचत होतं.

तेवढ्यात शेपूट तक्रार घेऊन आली. फळ्याखालचा खडू उचलून तिने पाण्याच्या कडेच्या पायरीवर मांजर काढलं होतं. "समुद्राने माझ्या मांजराचे पाय बुडवले," ती म्हणाली.

वहीबाई धावत जाऊन पाहून आली आणि पुन्हा काकांच्या खिडकीशी उभी राहिली.

"काका, फळ्यावर ओहोटी दहा पन्नासपर्यंत आहे. आत्ता वाजलेत साडेदहा. म्हणजे पाणी अजून उतरायला हवं ना? मग मांजर बुडतंय कसं?"

काका बाहेर आले. मांजराच्या पोटापर्यंत पाणी चढलं होतं. ते आत पळाले, खिळ्यावरचं वेळापत्रक काढून त्यांनी तारखेवर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहराच उतरला. उद्या त्यांची रजा होती. बदलीवर येणाऱ्या माणसाची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी उद्याचा फळा आजच लिहून टाकला होता, आजचा पुसून!

मग मात्र काकांनी क्षणभरही वेळ दवडला नाही. लाल निशाण घेऊन ते आणि वादळ सायकलींवरून ओल्या, घट्ट वाळूवर निघाले. जाताना त्यांनी धक्क्यावरच्या धोक्याच्या घंटेची दोरी वहीबाईच्या हातात दिली आणि बजावलं, जागा सोडायची नाही आणि घंटा थांबवायची नाही.

तिने घंटा वाजवली. हात भरून आले तरी वाजवत राहिली. बेटावरचे लोक हळूहळू परतू लागले, पण त्यांत काठी टेकत येणारं कोणी दिसेना. मांजर गेलं. त्याच्या वरची पायरी गेली. त्याच्याही वरची गेली. वाळूची पट्टी दोन्ही बाजूंनी अरुंद होत चालली होती. शेपूट तिचा फ्रॉक घट्ट धरून उभी होती.

"आले," शेवटी तीच म्हणाली.

काका सायकल हाताने ढकलत होते. कॅरियरवर आजोबा बसले होते, एका हातात बूट आणि गळ्यात दुर्बीण. स्वतःची सायकल बेटावरच सोडून आलेला वादळ मागून दोन्ही हातांनी त्यांना सावरत होता. त्याच्या पाठीला आजोबांची काठी बांधलेली होती आणि पाणी त्याच्या घोट्यांना लागलं होतं. वहीबाईने घंटेची दोरी सोडली आणि ती आजोबांना जाऊन बिलगली. इतकं हलकं तिला कधीच वाटलं नव्हतं. ती हसतही होती आणि रडतही होती.

काकांनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. मग फळा स्वच्छ पुसून खडू वहीबाईच्या हातात दिला. आजपासून सगळ्यांत वर तारीख लिहायची असं ठरलं, आणि पहिली तारीख तिने लिहिली. मावशीने हे ऐकलं तेव्हा आधी तिघांना जवळ घेतलं आणि मग काकांना चांगलंच फैलावर घेतलं.

संध्याकाळी आजोबा गुडघ्याला तेल चोळत बसले होते. त्यांनी वही मागून घेतली आणि चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली.

"उद्या परत जाऊ या," मग ते म्हणाले. "तू येणार असशील तरच. किती वाजेपर्यंत परतायचं?"

"बारा वीस," वहीबाई म्हणाली.

आजोबांनी पेन घेतलं आणि तिच्या वहीत स्वतःच्या हाताने तारीख आणि वेळ लिहून ठेवली.