आधी मी जाऊन बघते

इर्बिद शहरातल्या आमच्या इस्पितळात सलाईनमधून औषध द्यायची एक खोली आहे. सहा खुर्च्या, एक दार. पहिल्यांदा येणाऱ्याला मी सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर डोकं खात नाहीत. वजन करू, रक्तदाब बघू, सुई टोचू. अडीच तास औषध थेंब थेंब जाईल. पहिला पाव तास मी शेजारून हलणार नाही. खाज सुटली, थंडी वाजली, छाती भरून आली तर लगेच सांगायचं. शेवटी अर्धा तास बसायचं आणि घरी जायचं.

त्या मंगळवारी संधिवाताची एक नवी पेशंट होती, वफिय्या. सहा महिन्यांनी तिचं औषध मंजूर झालं होतं. नियमाप्रमाणे पूर्ण नाव विचारून मनगटावरची नावाची पट्टी पाहायची असते. पण आमच्याकडे पिकल्या केसांच्या बाईला तिच्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही. थोरल्या मुलाच्या नावाने मारतात. वफिय्या सुहैबची आई, म्हणून मी दारातून म्हटलं, "उम्म सुहैब, या." एक म्हातारी आत आली. मी पट्टी पाहिली नाही. चूक माझीच.

तिचा हात गार होता. शीर मात्र पहिल्याच टोचणीत सापडली. या वयात असं सहसा होत नाही.

"दुखलं का, मावशी?"

"नाही गं. टोचलंस कधी?"

मी शेजारी बसले. ती थेंबांकडे बघत होती. तिच्या कपड्यांना बरीच वर्षं न उघडलेल्या पेटीचा वास होता.

"हे संपलं की... घरी जायचं?"

"हो. दुपारचं जेवण घरीच."

"खरंच जातात घरी?"

"रोज जातात, मावशी."

"मागच्या वेळी मला असं कुणी सांगितलं नव्हतं..."

कागदावर तर पहिलीच वेळ लिहिली होती. म्हातारी माणसं बोलतात काहीबाही, मी मनावर घेतलं नाही. पिशवी संपल्यावर सुई काढून कापूस दाबला. त्यावर रक्ताचा टिपूसही नव्हता. अर्धा तास बसवून, दंडाला धरून मी तिला दाराबाहेर सोडून आले.

एकच्या सुमारास एक माणूस दारात आला. "सिस्टर, आमच्या आईचा नंबर कधी? आठपासून बसलोय."

बाहेरच्या बाकावर त्याची आई होती. मनगटावर पट्टी: वफिय्या.

मी आत जाऊन यादी पुन्हा पाहिली. हिचं औषध कुणाच्या अंगात गेलं? त्या दिवशीच्या यादीत दुसरी उम्म सुहैब नव्हतीच. औषधालयाला मी हात जोडले, तेव्हा त्यांनी एक पिशवी तयार करून दिली. ती चार वाजेपर्यंतच चालणार होती. मी बाकापाशी जाऊन माफी मागितली.

"मी हाक मारली तेव्हा उठला का नाहीत, मावशी?"

"भीती वाटत होती गं. शेजारी एक बाई होती. म्हणाली, मीही उम्म सुहैबच. आधी मी जाऊन बघते. मी बाहेर आले, तर तू बिनधास्त जा."

"आई," मुलगा हळूच म्हणाला, "बाकावर आपण दोघंच होतो."

"त्या केव्हाच गेल्या," मी म्हटलं. "मीच त्यांना बाहेर सोडलं. चला आता."

तिने सुजलेल्या बोटांनी बाकाची कड धरली.

"सकाळपासून या दारावरून नजर काढली नाही मी. तू आलीस मघाशी बाहेर... हात असा धरून. एकटीच."

मुलाने खूप विनवलं, मीही विनवलं.

"आधी ती बाहेर येऊ दे," एवढंच ती म्हणत राहिली.

चार वाजता ती पिशवी मी माझ्या हाताने टाकून दिली.