तेवीस सबबी आणि एक कोरं कार्ड

"उशीर माझा नाही, जिन्याचा आहे," तो दारात धापा टाकत म्हणाला. "चौथा मजला यायलाच तयार नव्हता."

मी खुर्चीतून ताडकन उठले. "परत बोला!"

"अं... सॉरी. पुढच्या वेळी..."

"सॉरी नको. आत्ता बोललात ते. सावकाश. लिहून घ्यायचंय."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दारावरच्या पाटीकडे. पाटी बरोबर होती – शब्दकोश कार्यालय. त्याच्या काखेत प्रुफांची गुंडाळी होती, कपाळावर घाम होता आणि नाकाच्या शेंड्यावर शाईचा ठिपका. त्या ठिपक्याकडे मी नको तितका वेळ बघत राहिले, हे इथेच कबूल करून टाकते.

त्याचं असं आहे. आमच्या कोशात इंग्रजी शब्द, त्याच्या जन्माची हकिकत आणि त्या अर्थाचं एक मराठी वाक्य, एवढं द्यायचं. शब्द पाच जणांत वाटलेले. एकीला फुलं-पानं मिळाली, एकाला समुद्र आणि जहाजं. मी सगळ्यात नवी, म्हणून उरलंसुरलं माझ्या गळ्यात आलं. माणसं स्वतःच्या वागण्याचं समर्थन करताना जे वापरतात, ते एकतीस शब्द! एक्स्क्यूज, अ‍ॅलिबाय, प्रीटेक्स्ट, प्लॉजिबल... आठवड्याभरात मी ऑफिसची 'सबबबाई' झाले.

त्यात आमच्या मुख्य संपादक बाईंचा नियम. "वाक्य टेबलाशी बसून रचायचं नाही. कुणीतरी, कुणालातरी, खरोखर बोललेलं हवं." आणि प्रत्येक कार्डाच्या तळाशी लिहायचं, कोण बोललं, कधी, कोणत्या प्रसंगी. एकतीस कार्डं पुरी झाली तर मी नोकरीत कायम. नाही झाली तर कायमची घरी.

सात वाक्यं बाबांनी पुरवली. सकाळी फिरायला न जाण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. "अगं, मी तयार आहे, पण डाव्या बुटाची झोप झालेली नाही!" पण आठव्या दिवशी आईने बूट घालूनच त्यांना झोपवायची धमकी दिली आणि बाबा फिरायला जाऊ लागले. बाबा सुधारले आणि माझी नोकरी धोक्यात आली.

अशात हा प्रेसवाला. मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला यायचं ठरलेलं, तर तो साडेबाराला यायचा, आणि दर वेळी नवं कोरं कारण घेऊन!

"आज काय?" मी पेन उघडून बसलेलीच असायची.

"आज वेळेवर निघालो होतो. पण प्रुफं प्रेसमध्येच राहिली. परत गेलो, तर मालकांना वाटलं मी काम संपवून आलो. त्यांनी चहा पाजला."

"हे एक्स्क्यूजमध्ये बसेल."

"म्हणजे?"

"लॅटिनमधून आलाय. आरोपातून बाहेर काढणं."

"मग काढा की मला बाहेर."

"आधी आत तर टाकू द्या..."

तो हसला. तो हसताना आधी डोळे हसतात, मग तोंड. हे मी कार्डावर 'प्रसंग' या रकान्यात लिहिलं. काम म्हणजे काम. बाई तपशिलाच्या बाबतीत फार कडक.

एकदा तो स्वतःच म्हणाला, "अ‍ॅलिबाय राहिलाय ना तुमचा?"

"राहिलाय. मुळात अर्थ एवढाच – 'दुसरीकडे'. गुन्हा झाला तेव्हा मी दुसरीकडे होतो."

"माझंही तेच. प्रेसमध्ये काम निघतं तेव्हा मी दुसरीकडे असतो."

"कुठे?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "...चौथ्या मजल्यावर."

मी लिहून घेतलं. 'थ्या' जरा वाकडा आला, त्याला माझा इलाज नाही.

आता घोटाळा कसा झाला ते सांगते. कार्डं छपाईला जाण्याआधी तळाच्या त्या ओळी लाल पेन्सिलीने खोडायच्या असतात. जे खोडलेलं नाही, ते प्रेस इमानदारीने छापते. माझी लाल पेन्सिल हा महाशय महिन्यापूर्वी मागून घेऊन गेला होता. आणि आमच्याकडे नवी पेन्सिल हवी असेल तर लेखी कारण द्यावं लागतं. कारणं तर मी सगळी कार्डांवर खर्च केलेली! आज खोडू, उद्या खोडू करता करता तीस कार्डांचा गठ्ठा तसाच गेला.

त्या शुक्रवारी तो चक्क अकराला हजर! कान लालबुंद. "अहो, जरा बाहेर या, फार महत्त्वाचं..." एवढंच म्हणाला, तोवर बाईंनी मागून येऊन त्याच्या काखेतली गुंडाळी ओढली आणि तिथेच, खड्या आवाजात, वाचायला सुरुवात केली.

"'प्रीटेक्स्ट. मूळ अर्थ, समोर विणून धरलेला पडदा. वाक्य – पेन्सिल परत करायला आलो होतो, पण पेन्सिलच विसरलो. बोलणारा – प्रेसवाला. प्रसंग – बाह्या दुमडलेल्या. हसताना आधी डोळे हसतात, मग तोंड.'"

फुलं-पानं थांबली. जहाजं जागच्या जागी उभी राहिली.

बाईंनी भराभर पानं उलटली. "प्रेसवाला... प्रेसवाला... 'नाकावर शाई, पुसावीशी वाटली'... प्रेसवाला! तेवीस वाक्यं एका माणसाची? हा कोश आहे की याचं चरित्र?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच पुढे झाला. "बाई, चूक यांची नाही. आज वाटेत मी ही पानं वाचली आणि सांगायला धावत आलो. दुसरं म्हणजे... ती कारणं सगळी खोटी होती."

"खोटी?"

"प्रेस मागच्याच गल्लीत आहे. चार मिनिटं लागतात. मी पावणेअकरालाच येतो आणि खाली जिन्यावर बसून कारण रचतो. या इतक्या मन लावून लिहून घेतात... मग साधंसुधं कसं देणार?"

"रचलेली वाक्यं!" बाईंनी कपाळाला हात लावला. "तेवीसच्या तेवीस बाद!"

झालं. माझी नोकरी डोळ्यांदेखत जिना उतरायला लागली. आणि मी, मूर्ख, मनात हिशोब करत होते – पावणेअकरा ते साडेबारा, पावणेदोन तास! आजवर माझ्यासाठी कुणी पावणेदोन मिनिटंही जिन्यावर बसलं नव्हतं.

अंगात एकदम बळ आलं.

"बाद का म्हणून?" मी म्हणाले. "वाक्य आपण रचायचं नाही, हा नियम. मी एकही रचलेलं नाही. यांनी ती मला खरोखर, तोंडावर, तारखेसकट सांगितली. कारण खोटं असेल, पण सबब अगदी अस्सल आहे. कारण खरं असतं तर ती सबब झाली असती का, बाई?"

बाईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"प्लॉजिबल," त्या म्हणाल्या. "मूळ अर्थ काय गं त्याचा?"

"टाळ्या मिळवण्याजोगं."

त्यांनी टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं. बाईंच्या हिशोबी हा टाळ्यांचा कडकडाट. "तीस मंजूर. एकतिसावं कुठाय?"

तेच तर नव्हतं! जस्टिफाय. न्याय्य करून दाखवणं. मी खणातून कोरं कार्ड काढलं. "याला वाक्यच मिळालं नाही, बाई. सगळे निसटायला बघतात. केलं ते बरोबर केलं, असं छातीठोकपणे कुणी म्हणतच नाही."

"पाच वाजेपर्यंत मुदत."

"मी बोलू?" प्रेसवाला म्हणाला. त्याच्या नाकावर आज शाई नव्हती, तरी मी तिकडेच बघितलं. "हे रचलेलं नाही. आज जिन्यावर बसायला वेळच मिळाला नाही."

"बोला," मी पेन उघडलं. "सावकाश."

"दर खेपेला पावणेदोन तास जिन्यावर बसणं... वेडेपणा दिसतो. पण ती वर बसलेली असते. म्हणून मी केलं ते बरोबरच केलं. परत करीन."

मी अक्षर न अक्षर लिहून घेतलं. या खेपेला एकही अक्षर वाकडं आलं नाही.

"बोलणारा?" बाईंनी विचारलं.

"प्रेसवाला."

"कुणाला उद्देशून?"

"मला," मी म्हणाले.

बाई आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत ते दार कुणी लागलेलं पाहिलं नव्हतं.

त्याने खिशातून माझी लाल पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. ती अर्ध्याहून जास्त झिजलेली होती.

"इतकी कशी संपली?"

"सबबी आधी कच्च्या लिहाव्या लागतात..."

"पुढच्या मंगळवारी जिन्यावर बसायचं नाही. पावणेअकराला सरळ वर यायचं."

"आणि कारण विचारलं तर?"

"विचारणारी मीच ना?" मी म्हणाले. "तू ये नुसता."

दुपारभर बसून मी बाबांचे सात आणि त्याचे तेवीस प्रसंग लाल पेन्सिलीने खोडले. त्याच्या चोविसाव्यावर, जस्टिफायच्या कार्डावर, पेन्सिल टेकवली... आणि खाली ठेवून दिली. छापून येऊ दे की. कुणी कारण विचारलंच, तर माझ्याकडे एकतीस शब्द आहेत.