तान्ह्या यकृताचा लगाम

दादाचे वय बासष्ट, आणि त्याचे यकृत आज सकाळी तान्ह्या बाळाचे झाले होते. प्रयोगशाळेतल्या पडद्यावरचा त्याचा आलेख डॉ. शर्वरीने पुन्हा एकदा तपासला.

"लगाम देऊनही यकृत लहानच होत चाललंय," डॉ. मुकादम म्हणाले. "उद्या ते गर्भातलं होईल. मग रक्त गोठवणंही विसरेल."

भावाच्या सुकलेल्या यकृताला 'कोंब' हे औषध तिनेच दिले होते. कोंब पेशींना बालपणाकडे नेतो, 'लगाम' त्यांना थांबवतो. उंदरांत दोन्ही बिनचूक चालले होते.

"उंदरांना आपण लगाम तिसऱ्याच दिवशी द्यायचो," ती म्हणाली. "दादाचं यकृत फारच खराब, म्हणून मी लांबवलं."

"इथेच घोडं पेंड खातंय, बाई. लगाम पोटात नासू नये म्हणून आपण त्याला टोपण लावलं. ते उघडतं यकृतातलं विकर. पण ते विकर जन्मतः नसतं, वाढत्या वयाबरोबर तयार होतं. तान्ह्या यकृताला टोपण उघडता येत नाही."

"टोपण काढूनच टोचू."

"उघडा लगाम बाटलीत क्षणभरही टिकत नाही."

"मग माझ्या यकृतात उघडू दे. रक्तातून सरळ दादाकडे जाईल."

मुकादमांचा चेहरा उतरला. "अंगात कोंब नसेल तर लगाम यकृतच जाळतो. आणि कोंब आधी घ्याल, तर तो भिनेपर्यंत दादा राहणार नाहीत."

"रक्तगट एकच आहे आमचा. खाटा जोडा."

नळ्या जोडल्यावर दादा पिवळ्या डोळ्यांनी हसला. "शरे, हे काय नवीन खूळ?"

"तुला गोळी पचत नाही. चावून भरवतेय."

"म्हणजे मी कुक्कुलं बाळ!"

"हो. गप पड आता."

तिने लगामाची गोळी गिळली.

संध्याकाळी आलेखाची घसरण थांबली. "शरे, भूक लागली गं," दादा म्हणाला. शेजारच्या खाटेवर तिचे डोळे हळदीसारखे झाले होते.

मुकादमांनी कोंबाची सुई भरली आणि हात आखडला. एवढ्या जळलेल्या यकृताला कोंब बरेच दिवस द्यावा लागणार. तोवर तेही तान्हे होणार, मग त्याला थांबवायला पुन्हा कुणाचे तरी मोठे, निरोगी यकृत हवे, तिच्याच रक्ताचे.

त्या रक्ताचे जवळ एकच होते, आणि ते तान्हे होते.