निळ्या कुंडाच्या अलीकडे

उकळत्या पाण्यात जगणाऱ्या जिवाणूंचा एक गुलाबी धागा हवा होता. तेवढ्यासाठी दोघी बहिणी उजाडताच निघाल्या होत्या. ताई प्रयोगशाळेत संशोधक. तो धागा ज्वालामुखीच्या कुशीतल्या सर्वांत वरच्या कुंडातच मिळणार, असा तिचा ठाम अंदाज होता. धाकटी बेकरी चालवायची. "आठवडाभर भट्टीपुढे उभी असते मी, सुट्टीतही तू मला भट्टीवरच आण!" असं कुरकुरतच ती आली होती, पण खिंड ओलांडली आणि ती जागीच थबकून बघत राहिली.

थिजलेल्या लाव्ह्याचं काळंभोर रान नजर पोचेल तिथवर पसरलं होतं. मध्येच गंधकाचे पिवळेजर्द पट्टे, मध्येच भेगांतून फुसफुसत निघणारी वाफ. पायाखाली खोल कुठेतरी काहीतरी सतत घुमत होतं, आणि ते कानांपेक्षा टाचांनाच जास्त कळत होतं.

दुपारी कुंड दिसलं. निळं! इतकं निळं, की ताई भान विसरून भराभर चालू लागली.

"ताई, काठीनं चाचपून चाल गं!"

कट्‌! पांढरा पापुद्रा फुटला. ताईचा पाय गुडघ्यापर्यंत कढत चिखलात!

धाकटी पोटावर आडवी झाली. सॅकचा पट्टा फेकला. "धर! सोडू नकोस!" एक हिसका. आणखी एक. पाय सुटला, बूट आतच राहिला.

दोघींच्या बाटल्यांतलं सगळं पाणी तिनं त्या लालबुंद पायावर ओतलं. ताई कण्हत म्हणाली, "ही नमुन्याची नळी घे. तू जा. कुंड आलंच आहे की!"

धाकटीनं नळी घेतली, कुंडाकडे पाहिलं आणि नळी ताईच्या खिशात परत कोंबली. "नाही जायची. मला काही झालं, तर तुला खाली कोण नेणार?"

ताईनं रागानं तोंड उघडलं, तोच घुमणं थांबलं. कुंडातलं पाणी सरसर खाली गेलं.

धडाड्‌! पाण्याचा पांढराशुभ्र खांब आभाळात उसळला! कुंडाचा काठ उकळत्या धारांखाली दिसेनासा झाला. वारा वाफ घेऊन आला तेव्हा तिचे कोमट थेंब झाले होते. दोघींचे चेहरे भिजले. उन्हात सगळी वाफ सोनेरी झाली.



मग धाकटीनं आपला स्वेटर ताईच्या पायाला गुंडाळला, तिचा हात खांद्यावर घेतला. लंगडत दोघी उतरू लागल्या.

"थांब ना जरा," ताई म्हणाली.

"दुखतंय?"

"दुखतंय गं. पण मला मागे वळून बघायचंय."