आतून भरीव

झाडं तपासायची नोकरी मी पत्करली, कारण हे पेशंट कटकट करत नाहीत. त्या गावाच्या रस्त्याकडेची जुनी झाडं कायद्याने राखलेली. फांदी छाटली तरी गुन्हा. झाड आतून पोकळ असेल, पडायच्या बेतात असेल, तरच तोडायला परवानगी, आणि तीही माझ्या सहीने. लाकडी हातोडा मारायचा, कान लावायचा. पोकळ झाड रिकाम्या डब्यासारखं वाजतं.

अर्ज सुताराच्या बायकोचा होता. शाळेसमोरच्या अवाढव्य झाडाची फांदी कापायला तिचा नवरा गेल्या आठवड्यात चोरून गेला, तो परतलाच नाही. करवत बुंध्याशी सापडली. दंडाच्या भीतीने पळाला, असं गाव म्हणत होतं. मलाही ते पटलं होतं.

"ताई, हे आत आहेत," ती झाडाकडे बोट दाखवून म्हणाली.

मी हसू दाबलं. काळजीने पोखरलेल्या माणसाशी वाद घालू नये. झाडाला फेरी मारून चहूबाजूंनी ठोकून पाहिलं. ठणठणीत. साल कुठे फाटलेली नाही, उंदराला शिरायला भोक नाही.

"पोकळ नाही हो. मला परवानगी देता येणार नाही."

"मी मारून बघू?"

तिने तीनदा हातोडा मारला. आतून तीन ठोके आले.

लाकूड उन्हाने तडकतं, सुतारपक्षी असतो, सगळं मनात आणून पाहिलं. मग हातोडा घेऊन मी दोनदा मारला. दोन ठोके आले, जरा घाईने.

कायदा गेला खड्ड्यात. मी 'पोकळ' असं लिहून सही ठोकली.

दुपारी करवतवाले आले. "अगदी बुंध्याशी कापा, आवाज वरून येतोय," ती सांगत होती. "मग पाचरी मारून उभं फाडा. जपून." झाड आडवं झालं तेव्हापासून ठोके बंद होते. तिने दोन्ही हात तोंडावर घट्ट धरले होते.

खोड उघडलं.

आत पोकळी नव्हती. या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलं, घट्ट लाकूड.

"मॅडम, हे तर भरीव आहे," करवतवाला म्हणाला. "आता गेलो आपण कामातून." मग त्याचं लक्ष लाकडातल्या रेषांकडे गेलं आणि तो मागे सरकला.

उभ्या फाडलेल्या खोडात वर्षावर्षाच्या वाढीच्या रेषा सरळ धावतात. खिळा किंवा तार आत राहिली, तर तिला वळसा घालतात. इथे त्या वळसा घालत होत्या डोक्याला, खांद्यांना, पोटाशी घेतलेल्या गुडघ्यांना. त्या आकारात माणूस नव्हता. तिथेही लाकूडच होतं.

गाभ्याजवळच्या रेषासुद्धा वाकलेल्या होत्या. त्या पडल्या तेव्हा हे झाड माझ्या मनगटाएवढं असणार.

मी रस्त्यातच बसले.

ती मात्र खोडावर वाकली होती. डोक्यापासून खांद्यापर्यंत, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत वीत टेकवत गेली.

"हे आमचे नाहीत," ती म्हणाली. "हा कोणी उंच माणूस आहे."

हातोडा उचलून ती पुढच्या झाडापाशी गेली. तीनदा मारला. आतून उत्तर आलं. तिने कान लावून थोडा वेळ ऐकलं, नाही म्हणून मान हलवली आणि त्याच्या पुढच्या झाडाकडे निघाली.