ठकूचा डावा हात

माहेरी तिन्हीसांजेला दिवा लावताना चंदाबाईची आई एक ओवी म्हणायची. आईला जाऊन जमाना लोटला, पण तो खरखरीत, मायाळू आवाज अजून कानात होता:

तिन्हीसांजा झाल्या बाई, कोण उभं उंबऱ्यात
घरचं घ्यावं पोटाशी, परकं राहो अंगणात

सासर बाळापूरजवळच्या खेड्यात. लढाईची वर्षं; घासलेट मिळत नव्हतं. करडीच्या तेलाचा एकच दिवा कोनाड्यात लागे आणि घर अर्ध्या अंधारातच जेवून उठे. पावसानं दगा दिलेला. ज्वारीची भाकर आणि मीठ-मिरची, एवढ्यावर दिवस निघत. त्यात चंदाबाईला दिवस गेलेले. तिची लेक ठकू, सहा-सात वर्षांची, रोज सांजेला बारवेकाठून वासरू घेऊन यायची. बिनचूक यायची. दगडाची ठेच नाही, बाभळीचा काटा नाही. फक्त चालताना डावा हात खांद्याएवढा वर, मूठ अर्धी मिटलेली. सासू रुख्मिणीबाई थट्टा करायची, "काहून गं, कोनाचं बोट धरून चालतीस? नवरदेवाचं?"

ठकू हसायची नाही.

मग एकदा बाळापूरच्या बाजारातून निघायला उशीर झाला. दिवस बुडाला तशी ठकू वाटेतच अडखळली आणि उभ्या बैलगाडीच्या चाकावर जाऊन आदळली. कपाळ फुटलं. माय कुठं आहे म्हणून रडू लागली. माय समोरच होती. पोरीचा डावा हात हवेत चाचपडत होता, आणि त्याला काहीच लागत नव्हतं.

कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तिच्या पापण्या वर करून पाहिल्या. डोळ्यांच्या पांढऱ्यावर साबणाच्या फेसासारखे ठिपके होते. रातांधळं आहे, ते म्हणाले, आणि जुनं आहे. बुबुळं वाळायला लागलीत. असंच चाललं तर ती विरघळतील, मग गेलेली नजर कुणालाच आणता यायची नाही. बकऱ्याची कलेजी, शेवग्याचा पाला, मिळेल ते रोज पोटात गेलं पाहिजे. मग चंदाबाईच्या पोटाकडं पाहून म्हणाले, तूही खा बाई, नाहीतर उद्या तुझी हीच गत होईल. त्या निघाल्या तेव्हा मात्र डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली.

"इतके महिने ही पोर अंधारात चालली कशी?"

ठकूनं मान खाली घातली.

घर माळकरी. चंदाबाईनं सासूचे पाय धरले. रुख्मिणीबाईनं गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली आणि गोठ्यामागं तीन दगडांची चूल मांडली. "इठ्ठलाला डोळं हाईत," ती म्हणाली. "त्यो समजून घील."

कलेजी आठवडी बाजारालाच मिळायची. शेवगा एकच, तोही होरपळलेला. ओरबाडून मूठभर पाला निघे. चंदाबाई तो सगळा लेकीच्या ताटात वाढायची आणि आपणही खाल्ला म्हणून सासूला सांगायची.

नजर काही येईना. ठकूला सांजेला घराबाहेर पडायची बंदी केली, तरी ती निसटायची. सापडायची ती बारवेच्या तोंडाशी. तीच चाल, तोच उचललेला हात, आणि पाय घोट्यापर्यंत ओले. त्या दुष्काळात बारवेचं पाणी पार तळाच्या पायरीला गेलं होतं. डोळसानंही जपून उतरावं अशी ती वाट. चंदाबाईनं तिचा हात हातात घेतला. भर उन्हाळ्यात तो रांजणाच्या बुडासारखा गार होता.

कोण नेतं तुला, तिनं विचारलं. गोंजारून विचारलं, मारून विचारलं, मारल्यावर उराशी धरून रडत विचारलं. ठकूनं ओठ घट्ट मिटले.

आणि एका सांजेला पोर कोनाड्याकडं बघतच राहिली.

"माय, दिवा दिसून राहिला."

रुख्मिणीबाईनं खुंटीवरच्या माळेला हात जोडले. चंदाबाईनं लेकीचा डावा हात गालाला लावून पाहिला. तो ऊन होता, सैल होता, कुठल्याही लेकराच्या हातासारखा.

चार सांजा सुखाच्या गेल्या.

त्यानंतरच्या सांजेला चंदाबाई गोठ्यात वैरण टाकून परत आली. अंगण ओलांडलं, उंबरा ओलांडला. कुठं ठेच लागली नाही. घरात काळोख होता.

"ठके, दिवा काहून लावला न्हाई?"

"लावलाय की, माय. तुझ्या म्होरंच हाय."

चंदाबाईनं उजवा हात पुढं केला. बोटांना ज्योतीचा चटका बसला.

डावा हात ती खाली घ्यायला गेली. तो खाली येईना.

लुगड्याचा काठ ओला होऊन पिंढऱ्यांना चिकटला होता. ती तर गोठ्यातच गेली होती.

काळोखात ठकूचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग ती बोलली, हळूच, कुणाला तरी ऐकू जाईल अशा भीतीनं.

"तिचा हात सोड, माय. तिनं सांगू नको म्हनलं व्हतं. तिलाबी सांजंचं दिसत न्हाई. तिला एकच वाट म्हाईत हाय, बारवेची."